दोनदा फिरवलेली चावी

यवतमाळात आर्णी रोडवरच्या सुखशांती अपार्टमेंटची दारं बदलायचं निघालं, तेव्हा सगळ्यांत आधी हो म्हटलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या तुळसाबाई मुनेश्वरने. तिच्या दाराची दशाच तशी झाली होती. पावसाळ्यात ते इतकं फुगायचं, की आतून ओढताना बाहेरून कुणाला तरी खांदा द्यावा लागे. उन्हाळ्यात आकसलं, की खालच्या फटीतून मांजराचं पिल्लू सहज आत येई. कोपऱ्याला वाळवी लागलेली. तिच्या नवऱ्याने, देवरावांनी, मन मानेल तेव्हा त्यावर हिरवा ऑइलपेंट फासला होता, अन् आता त्या रंगाच्या थरांवरच दार उभं आहे असं ती हसून सांगायची.

उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीत चोरी झाली. घरचे लग्नाला गेलेले, अन् चोरांनी दार नुसतं लाथेनं उघडलं. मग सोसायटीचा सेक्रेटरी प्रफुल्ल याने बैठक घेतली. प्रफुल्ल जिल्हा परिषदेत नोकरीला, चौथ्या मजल्यावर राहणारा, नीटनेटका माणूस. त्याने लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लोखंडी दारं बनवणाऱ्या जब्बारला बोलावून आणलं, नमुना दाखवला, अन् म्हणाला, "सगळ्याईची एकसारखी. एकच रंग, एकच हँडल. बिल्डिंग कशी देखनी दिसली पाह्यजे."

कुणी नाही म्हटलं नाही.

जब्बार मजल्यामजल्याने काम करत आला. मुनेश्वरांची पाळी आली त्या दिवशी देवराव सकाळपासून खुर्ची टाकून बसले. ते एसटीत ड्रायव्हर होते. पुसद, पांढरकवडा, किनवट, सगळे रस्ते त्यांनी तुडवले होते. लोखंड, नटबोल्ट, ग्रीस यांच्या वासाचा माणूस. जब्बार चौकट बसवत होता तसे ते त्याला पाना दे, पेचकस दे, असं करत राहिले. जब्बारने दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. कडांना काळं रबर होतं, त्यामुळे ते बंद झालं तरी आवाज झाला नाही.

"हे तं बोलतच नाही रे, जब्बार," देवराव म्हणाले.

"काका, हीच तं खासियत हाये. धूळ नाही, आवाज नाही, मुंगीसुद्धा नाही जाऊ शकत." मग जब्बारने तुळसाबाईला कुलूप समजावून सांगितलं. बाहेर जाताना नुसतं ओढलं तरी लागतं. आतून ही गोल खुंटी फिरवली की उघडतं. "पन काकू, गावाले गेले ना, तं बाहेरून चावी दोनदा फिरवा. दोनदा फिरवली की आतली खुंटीबी काम नाही करत. कोनी खिडकीतून घुसला तरी सामान घेऊन दारातून निंगू शकत नाही."

तुळसाबाईने मान डोलावली. आपल्याला कुठे गावाला जायचं आहे, असं तेव्हा तिच्या मनात आलं.

तिला कुठेच जाता येत नव्हतं, अन् का जाता येत नव्हतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभरापासून देवरावांचं काहीतरी हलत होतं. आधी नावं गेली. मग जेवण झालं की नाही ते. एकदा त्यांनी चपला फ्रिजमध्ये ठेवल्या अन् सगळं घर पालथं घातलं. जुनं सारं जागच्या जागी होतं. कोणत्या घाटात कोणतं वळण कसं घ्यायचं ते ते झोपेतही सांगत. पण आजचा दिवस त्यांच्या हातात टिकेना. तुळसाबाई अंगणवाडीची सेविका होती, आयुष्यभर लहान पोरं सांभाळलेली. तिला वाटलं, सांभाळू. लोकांना कळलं तर लोक हसतील, कीव करतील, अन् ज्या माणसाच्या हातात चाळीस-पन्नास जीव बिनघोर बसत होते त्याला समोरून 'कसं काय काका, वळखलं का मले?' असं विचारतील. ते तिला नको होतं. नागपूरला दिलेल्या मुलीला, राखीलासुद्धा तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं की बाबाले आजकाल कमी आयकू येते.

हिरवं दार होतं तोवर निभत होतं. देवराव रोज संध्याकाळी खाली कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जात अन् परत येत. जिना चढताना हिरवं दार दिसलं की पाय आपोआप थांबत. नवी दारं बसली अन् साऱ्या मजल्यांवर कॉफीच्या रंगाची एकाला एक जुळी दारं उभी राहिली.

आठवडाही झाला नसेल. तुळसाबाई कणीक मळत होती. देवरावांना यायला उशीर झाला म्हणून तिने दार उघडून जिन्यात डोकावलं. खाली पहिल्या मजल्यावर, शहनाजच्या दारापाशी ते उभे होते. आपली चावी तिच्या कुलपात घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते, अन् पुटपुटत होते, "कोनं बदलवलं बे कुलूप?"

ती कणकेच्या हाताने खाली धावली. त्यांचा दंड धरला अन् हळू म्हणाली, "अवो, वर. आपलं वर हाये."

"हे काय मंग?"

"हे शहनाजचं हाये. चला."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची कुणीतरी बाई उतरत आली. तुळसाबाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "जिन्यातला लाइट गेला काय माहीत, काही दिसतच नाही!" लाइट चांगला लखलखत होता. बाई पुढे निघून गेली. तुळसाबाईचे कान गरम झाले.

त्या दिवशी तिने देवरावांच्या खिशातली चावी काढून घेतली. संध्याकाळी ती त्यांच्यासोबत पानठेल्यावर जाऊ लागली. पण ती आंघोळीला गेली की ते निघत. ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली की निघत. नवं दार बंद होताना आवाजच करत नव्हतं. जुनं दार कसं, उघडलं की साऱ्या घराला ओरडून सांगायचं. एकदा ते पार बसस्टँडपर्यंत पोचले होते. ओळखीच्या एका कंडक्टरने रिक्षात बसवून आणून सोडलं. कंडक्टरला तिने सांगितलं की डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, म्हणून असं होतं.

मग एका सकाळी दूध आणायला जाताना दाराबाहेर तिचा हात थांबला. तिने चावी घातली अन् एकदा फिरवली. मग आणखी एकदा.

दूध घेऊन ती जवळजवळ पळतच आली. देवराव पेपर चाळत बसले होते. त्यांना काही कळलंही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला, अन् त्याच वेळी तिला आपलीच लाज वाटली. बुद्धमूर्तीसमोर तिने मेणबत्ती लावली, पण त्या दिवशी मूर्तीकडे तिला नीट पाहवलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं. मग भाजीला जातानाही. मग दवाखान्यातून बीपीच्या गोळ्या आणायला जातानाही. हळूहळू हाताला सवय झाली. चावी दोनदा फिरायची अन् ती जिना उतरायची, अन् उतरताना खांद्यावरचं ओझं कमी झाल्यासारखं वाटायचं. तेच तिला सगळ्यात जास्त टोचायचं.

रविवारच्या बाजारात तिला हंसाबाई भेटली. अंगणवाडीत दोघी एका खोलीत कितीतरी वर्षं काम केलेल्या. हंसाबाईने तिचा हातच धरला.

"अवो माय, तू जिती हायेस का? फोन नाही, येनं नाही. चाल, रस पिऊ."

"नाही व, घरी हे एकटेच हायेत."

"मंग काय लेकरू हाये का ते? चाल."

तुळसाबाई बसली. रसवंतीच्या बाकावर दोघींनी जुन्या गोष्टी काढल्या. सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या असताना एका पोराने त्यांच्या पर्समध्ये उपमा भरून ठेवला होता, ते आठवून तुळसाबाई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी आपण हसलो असं वाटलं. उन्हाची तिरीप सरकून पायावर आली तेव्हा ती दचकून उठली.

रिक्षा करून घरी आली. जिना चढली. चावी कुलपात घातली, तर ती जाईना. अर्धी जाऊन अडायची. तिने काढून पुसली, उलटी करून पाहिली, पुन्हा घातली. आत काहीतरी बसलं होतं.

"अवो!" तिने हाक मारली. "अवो, आयकता का?"

आतून काहीच आलं नाही. तिने दार ठोठावलं. लोखंड अन् आत काय काय भरलेलं ते जाड दार. हाताला लागलं, आवाज मात्र तिथल्या तिथेच जिरला. दाराला खाली फट नव्हती की डोकं टेकवून पाहावं. कान लावला तरी आत पंखा फिरतो की नाही तेही कळत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर नको नको ते उभं राहिलं. गॅस. न्हाणीघरातली ओली फरशी. गॅलरीचा कठडा. ती धावत जिन्याच्या खिडकीतून खाली पाहून आली. खाली कुणी नव्हतं.

तिच्या हाका ऐकून पहिल्या मजल्यावरून शहनाज वर आली. ती घरीच ब्लाउज शिवायची. गळ्यात टेप तशीच लटकत होती.

"काय झालं, मावशी?"

"चावी जाऊन नाही राह्यली."

"काका कुठी गेले?"

"घरातच हायेत."

"मंग ते खोलून काहून नाही राह्यले? आतून तं खुंटी हाये..." शहनाज बोलता बोलता थांबली. तिने कुलपाकडे पाहिलं, मग तुळसाबाईच्या हातातल्या चावीकडे.

तुळसाबाईने पदर तोंडाला लावला. "मी बाहेरून लावून गेलती. दोनदा फिरवून."

बोलून झालं. आता शहनाज काय म्हणेल, म्हणून ती फरशीकडे पाहत उभी राहिली.  शहनाजने जोरात दार बडवलं, "काका! ओ काका! मी शहनाज!" असं ओरडली, अन् मग वर जाऊन प्रफुल्लला घेऊन आली. प्रफुल्लने एका वाक्यात काय ते समजून घेतलं, जब्बारला फोन लावला अन् म्हणाला, "निंगाला थो लोहाऱ्यावरून. मी मागच्या बाजूनं गॅलरीतून काही दिसते का पाह्यतो." तो खाली पळाला.

दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या.  शहनाजने तुळसाबाईचे हात आपल्या हातात घेतले.

"मावशी, मले मालूम हाये."

"काय मालूम हाये तुले?"

"काकाचं. माह्या घरी येतात ना ते कधी कधी. दुपारची मी दार उघडंच ठेवतो, कपडे घ्याले बाया येतात म्हून. तं ते सीधे येऊन सोफ्यावर बसतात अन् म्हनतात, तुळसा, चहा टाक."

तुळसाबाईने मान वर केली. "कधी?"

"चार-पाच वेळा झालं असन. मी चहा देतो. पेतात, रस्त्याच्या गोष्टी सांगतात. माह्या पोरीनं, उमेरानं तं त्याईच्यापासून सारे घाट पाठ करून टाकले. मंग मी म्हनतो, काका, चला, वरतून सामान आनाचं हाये, अन् वर आनून सोडतो. तुमी कधी आंघोळीले राह्यता, कधी झोपेल. दार लोटेल असलं की आत बसवून येतो."

"अन् मले सांगतलं नाही?"

"तुमीच कोनाले सांगत नव्हता," शहनाज हळू म्हणाली. "मले वाटलं, मावशीले आवडनार नाही. माह्या सासऱ्याचंबी असंच होतं, महागावले. आमी त्याईले कोंडूनच ठेवत होतो शेवटी. तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही कोनाले."

तुळसाबाईला रडू आलं. वर्षभर दाबून ठेवलेलं सारं त्या पायरीवर निघालं. चपला फ्रिजमधल्या, बसस्टँड, मुलीशी बोललेलं खोटं, अन् ओझं उतरल्यासारखं वाटायचं तेही. शहनाज ऐकत राहिली. मध्येच प्रफुल्ल वर आला. "गॅलरीचं दार बंद हाये, कठडा ठीक हाये, खाली काही नाही," असं सांगून जरा बाजूला उभा राहिला. तुळसाबाईने त्याला पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही. आता कुणापासून लपवायचं होतं?

जब्बार आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने टॉर्च मारून कुलपात पाहिलं. "आतून खुंटीच्या फटीतून कायतरी घुसवलं हाये, काकू. काढता नाही येत, ड्रिलच मारा लागते. घाबरू नका." ड्रिलचा आवाज साऱ्या जिन्यात भरला. लोखंडाचा कीस खाली पडत होता. तुळसाबाई भिंतीला टेकून उभी होती. जब्बारने शेवटी पेचकस घालून एक झटका दिला अन् दार, नेहमीसारखं, आवाज न करता उघडलं.

देवराव दारासमोरच स्टुलावर बसले होते. पायात चपला, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाजूला जमिनीवर चमचे, पोळपाट, सुरी, एक मोडलेला चमचा, अन् तुळसाबाईची केसाची पिन पडली होती. त्यांच्या बोटाला खरचटलं होतं, थोडं रक्त आलं होतं. त्यांनी चौघांकडे पाहिलं, अन् मग तुळसाबाईवर नजर थांबली.

"आली का तू?" ते म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "केव्हाचा उघडून राह्यलो, उघडतच नाही. मले वाटलं तू बाहेर अटकली. उन्हाची उभी असशील."

 तुळसाबाई आत गेली, त्यांच्यासमोर खाली बसली अन् त्यांचं बोट आपल्या पदराने पुसू लागली.

"ठोकलं किती मी," ती शेवटी म्हणाली. "आयकू नाही आलं?"

"आलं ना. म्हून तं उघडत होतो. मी ओरडलो बी. हे दार आयकतच नाही कोनाचं."

जब्बार खाली मान घालून कीस गोळा करत होता. मध्येच म्हणाला, "काका, तुमी कुलपाची वाट लावली हो. पन काय डोकं लावलं! पिन घातली, मंग चमच्याचा दांडा."

देवराव हसले. "अरे, गाडी जंगलात बंद पडली तं काय गॅरेज येते का तथी?"

सगळेच हसले. त्या हसण्याने तुळसाबाईला धीर आला. शहनाजने तिच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कप कुठे असतात ते न विचारता शोधून काढले. प्रफुल्ल अवघडून सोफ्याच्या काठावर बसला होता. कप हातात घेऊन तो म्हणाला, "काकू, चूक माहीच झाली. मीच म्हटलं सगळे दरवाजे सारखे पाह्यजे. तुमचा रंग बदलवून देतो. हिरवा लावा, लाल लावा, सोसायटीत मी पाहून घेतो."

तुळसाबाईने थोडा विचार केला. काल कुणी हे म्हटलं असतं तर ती 'कायले, बरं हाये ना' म्हणून मोकळी झाली असती.

"रंग लावा, नाही लावा," ती म्हणाली. "आज रंग वळखतीन, उद्या थोही इसरतीन. मले दुसरं पाह्यजे, प्रफुल्ल. हे तुमच्या दारी आले, कोनाच्याही दारी आले, तं दार उघडा. बसवा. अन् मले सांगा. येवढंच."

एवढं मागायला तिला किती जोर लावावा लागला, ते तिचं तिलाच माहीत. प्रफुल्लने मान हलवली. "सांगतो मी सगळ्याईले. नाही तं तुमीच सांगा बैठकीत?"

"मी सांगतो," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने राखीला फोन केला. कमी ऐकू येत नाही, वेगळंच आहे, असं सांगितलं.  राखी आधी चिडली. "आई, तू येवढे दिवस मले काहून नाही सांगतलं?" अन् मग रडली. पुढच्या आठवड्यात ती आली अन् दोघांना नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आजार बरा होणार नाही, पण धिम्या गतीने वाढेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, की त्यांना माणसांत ठेवा, एकटं ठेवू नका. ते ऐकून तुळसाबाईने राखीकडे पाहिलं नाही.

कुलूप तर बदलावंच लागलं. जब्बार नवं घेऊन आला तेव्हा म्हणाला, "काकू, हे दुसरं हाये. याची चावी बाहेरून कितीबी वेळा फिरवा, आतली खुंटी खुलनारच. कोनी अंदर बंद नाही होनार." मग त्याने पिशवीतून एक छोटी पांढरी डबी काढली. दाराच्या कडेला एक तुकडा चिकटवायचा, दुसरा चौकटीला. दार उघडलं की घरात बेल वाजते. "अन् याच्यासंगं दोन बेल येतात. एक तुमच्या किचनमदी लावतो. दुसरी कुठी लावू?"

तुळसाबाईने डबीकडे पाहिलं. आपल्या घराचं दार उघडलं की दुसऱ्याच्या घरात बेल वाजणार. पाहुणा आला, कचरा टाकायला गेलं, भांडून बाहेर निघालं, सगळं त्या घराला कळणार. आयुष्यभर तिने घराची गोष्ट घरात ठेवली होती. जब्बार डबी हातात धरून वाट पाहत उभा होता.

"शहनाजकडे लाव," ती म्हणाली. "पन तिले विचार पयले. तिले तरास नको व्हाले."

शहनाजने मशीनच्या बाजूलाच ती लावून घेतली. बेलला गाण्याची चाल होती, ती उमेराने बदलून बदलून शेवटी एक ठरवली. पहिले काही दिवस बेल वाजली की तुळसाबाई प्रत्येक वेळी दचकायची. कचरा टाकायला दार उघडलं तरी खालून शहनाज विचारायची, "मावशी, तुमी का काका?" अन् ती वरून ओरडायची, "मीच हावो!" एकदोनदा तिला रागही आला, की हे काय, आता श्वास घ्यायचा तरी विचारून. एका दुपारी डोकं दुखत असताना ती शहनाजवर खेकसलीसुद्धा. मग संध्याकाळी भजी घेऊन खाली गेली. दोघींनीही दुपारचं नाव काढलं नाही.

बैठकीत तुळसाबाईने सगळ्यांना सांगितल्यापासून देवराव कुठेही जाऊन बसत. कधी शहनाजकडे, कधी तळमजल्यावरच्या घरी, कधी थेट चौथ्या मजल्यावर. काही घरांत त्यांना चहा मिळे, काही घरांत नुसतं 'काका, बसा' म्हणून टीव्ही लावून देत. तळमजल्यावरच्या एका सूनबाईला ते आवडायचं नाही, तिने एकदा दार उघडलंच नाही. तुळसाबाईला ते समजलं. 

दिवाळीच्या आधी राळेगावहून बहिणीचा फोन आला. भाचीला मुलगा झाला होता, नाव ठेवायचं होतं. बहीण म्हणाली, "तू तं येनार नाहीच, मले मालूम हाये." तुळसाबाई 'नाही जमत व' म्हणायच्या बेतात होती, अन् तिच्या तोंडून निघालं, "येतो."

जायच्या दिवशी सकाळी तिने देवरावांना आंघोळ घालून, जेवू घालून शहनाजकडे नेऊन सोडलं. दुपारनंतर प्रफुल्लच्या घरी त्यांना न्यायचं ठरलं होतं. निघताना ती दारातच घुटमळली.

"जा ना, मावशी," शहनाज सुईत दोरा ओवत म्हणाली. "गाडी सुटन तुमची."

राळेगावच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या. पहिला अर्धा रस्ता ती फोन हातात धरून बसली होती. मग तो पर्समध्ये ठेवला. राळेगावात तिने बाळाला मांडीवर घेतलं, बहिणीशी भांडली, पोटभर जेवली. एकदाच फोन करून विचारलं. शहनाज म्हणाली, "तुमी कायले फोन करून राह्यल्या? झोपले हायेत ते."

ती परत आली तेव्हा सांज होत होती. शहनाजचं दार उघडंच होतं, पण देवराव तिथे नव्हते. "वर हायेत, प्रफुल्लभाऊकडे," ती म्हणाली. तुळसाबाई चौथ्या मजल्यावर चढली. दम लागला. प्रफुल्लची बायको उर्वशी हिने दार उघडलं अन् ओठांवर बोट ठेवून आत खूण केली.

देवराव खुर्चीत बसले होते. हातात वरणाच्या पातेल्याचं झाकण, ते स्टीअरिंगसारखं धरून प्रफुल्लला पांढरकवड्याच्या रस्त्यावरचं एक वळण समजावत होते. प्रफुल्ल मान डोलावत होता. तुळसाबाई दारातच उभी राहिली. वळण संपल्यावर देवरावांनी झाकण खाली ठेवलं अन् मान वळवली.

त्यांनी तिला ओळखायला जरा वेळ घेतला. मग चेहरा उजळला.

"कुठी गेलती व?"

"राळेगावले. बाळाचं नाव ठेवाले."

"यष्टीनं?"

"हाव."

"जागा भेटली?"

"भेटली. खिडकीची."

"मंग ठीक हाये," देवराव म्हणाले, अन् उठून उभे राहिले. उर्वशीने त्यांच्या चपला पुढे केल्या. तुळसाबाईने त्यांचा दंड धरला अन् दोघं सावकाश जिना उतरू लागले.